हजार लिऱ्याचे बैल

इटलीच्या बंदरात उतरलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. कंपनी फॉल-इन झाली. पहिला हुकूम सामानाचा, दुसरा चहाचा, तिसरा पे परेडचा.

मी तेव्हा शिपाई होतो. गाव जानेफळच्या पलीकडं, मेहकर तालुका. शाळा मराठी दुसरीपर्यंत. हे मी माझ्याच हातानं लिहितो आहे. गावातले मास्तर म्हणाले, शुद्ध करून देतो. मी नको म्हणालो. माझं चुकलं तर ते मीच चुकावं.

पे परेडच्या टेबलावर रुपये नव्हते. नोटा होत्या, नव्या कोऱ्या, काही लहान चौकोनी, काही लांबट. त्या मुलखाचा पैसा, लिरा. कंपनीचा क्लार्क ओरडून सांगत होता की एका रुपयाला किती लिरा. मी ऐकून घेतलं नाही. माझा नंबर आला.

"किती काढतोस?"

"काही नाही. सगळा पगार घरी धाडा. कागद मला नको."

"अरे, इथं खर्चाला?"

"जेवायला लंगर आहे. सिगारेट रेशनमध्ये आहे. खर्च कसला?"

क्लार्क हसला. पुढच्याला बोलावलं.

माझा तोरा असा होता की परमुलखाचा पैसा मला कोणी शिकवू नये. त्याला कारणही होतं. आमचं गाव निजामाच्या हद्दीजवळ. आमच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार रुपया चाले, हद्दीपलीकडं निजामाचा रुपया, हाली. माझा बाप जालन्याकडं बैल घ्यायला जाई, तेव्हा मी बरोबर असे. आधी सराफाकडं कलदार द्यायचे, हाली घ्यायची. शंभर कलदारला सोळा-सतरा हाली जास्त मिळत. म्हणजे परका रुपया आपल्या रुपयाहून दोन-अडीच आणे हलका. वयाच्या दहाव्या वर्षी हे मला पाठ होतं. जगात कुठंही गेलं तरी असंच असणार, असं मी धरून चाललो.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक ओंकार होता. मलकापूरच्या बाजूचा. भरतीआधी तो मलकापुरात सरकीकापसाच्या जिनात काट्यावर कामाला होता, त्यामुळे हिशेबाला पक्का आणि थट्टेला त्याहून पक्का. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो. तो नोटा खिशात ठेवी. इटलीच्या शेतकऱ्यांकडून अंडी, कांदे तोच घेई. आमच्यात दोघांत एक पैसेवाला होता, तो ओंकार.

एकदा तो चार अंडी घेऊन आला.

"केवढ्याले आणले?"

"चाळीस लिरा."

"चाळीस? अबे, तीस-पस्तीस रुपये झाले. संग कोंबडी देली का वावर?"

ओंकार हसून हसून खाली बसला. "अबे बैला, तीस लिऱ्याचा एक रुपया होते. सव्वा रुपया गेला. घोकून घे."

"मले नको शिकवू. जालन्याच्या बाजारात हाली चालवली मी."

"हाली येगळी, हे येगळं."

"बट्टा किती असून असून राह्यन? अडीच आणे. रुपयात तीस कोठं मावतात?"

"अडशीन तवा समजन तुले."

"तू हायेस नं संग. मले कायले अडते?"

त्याची थट्टेची सवय मला माहीत होती. ही पण थट्टाच, असं मी धरलं. अंडी मात्र दोन खाल्ली.

पुढं आम्ही डोंगरात गेलो. पाऊस लागला होता. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टॅण्ड-टू, म्हणजे बंदूक घेऊन सज्ज राहायचं, सहाला चहा, मग खंदकातलं पाणी उपसायचं, दुपारी गस्त. नवव्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला मॉर्टरचा गोळा पडला. ओंकार पाण्याचे कॅन घेऊन येत होता. त्याची उजवी मांडी फाटली. मी फील्ड ड्रेसिंग बांधलं, वरून पट्टा आवळला. रक्त कमी झालं, थांबलं नाही.

आमचा हवालदार साताऱ्याकडचा होता. तो वायरलेसवर बसला.

"एक कॅज्युअल्टी. सीरियस. जीप पाठवा. ओव्हर."

"जीप येत नाही. पूल गेला. तुम्ही खाली आणा. ओव्हर."

"माणसं कमी आहेत. ओव्हर."

"तुम्हीच आणा. आऊट."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. "दोघं देतो, जास्त नाही. उतारावर ते घर दिसतंय, तिथं बैल आहेत. जोडी घे अन् एड पोस्टला, डॉक्टरकडं पोच. खांद्यावर नेलास तर संध्याकाळ होईल. तेवढा वेळ त्याच्याकडं नाही."

आम्ही स्ट्रेचर घेऊन घरापाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. घरात एक शेतकरी आणि त्याची बायको. शेतकरी माझ्या बापाच्या वयाचा. गोठ्यात दोन पांढरे बैल, थोर, खांद्याला भरलेले. आमच्या खिल्लारी जोडीच्या बरोबरीचे म्हणेन, जास्त म्हणणार नाही. बाहेर बिनचाकाची लाकडी घसरगाडी उभी होती. चिखलाला तीच बरी.

मी बैल दाखवले, ओंकार दाखवला, खालची वाट दाखवली. त्याला समजलं. तो ओंकारजवळ गेला, टोपी काढली. मग माझ्याकडं वळला, बैलांवर हात ठेवला आणि वर बोट करून तोंडानं बॉम्बचा आवाज काढला. बैल मेले तर त्यानं काय करायचं, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. शेतकरी माणूस मी, मलाही हेच आधी सुचलं असतं. त्यानं कोळसा उचलला आणि गोठ्याच्या दारावर आकडा लिहिला. १०००. त्यांचा आकडा आम्हाला पलटणीत शिकवला होता.

माझ्या डोक्यात हालीचा हिशेब. हजार लिरा म्हणजे आठशे-साडेआठशे रुपये. तेवढ्यात आमच्याकडं चार बैलजोड्या येत. आणि पैसे माझे नव्हते. ओंकारच्या खिशात होते. पोरगा पडलेला बघून हा त्याला लुटतो आहे, असं मला वाटलं. माझं डोकं फिरलं.

बैलाचा भाव आम्ही तोंडानं करत नाही. उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबायची. माझ्याजवळ उपरणं नव्हतं, ग्राउंडशीट होती. ती मी त्याच्या हातावर टाकली, आत हात घातला आणि दोन बोटं दाबली. दोनशे. तो दचकला. हात ओढून घेतला. मी परत धरला, परत दोन दाबली. त्यानं दाराकडं बोट केलं. हजार. मी तीन दाबली. त्यानं डोकं हलवलं. त्याची बायको त्याच्यावर ओरडू लागली, तो तिच्यावर. बरोबरचे दोन जवान स्ट्रेचरपाशी उभे होते. ते नवे होते, माझ्याच तोंडाकडं बघत होते.

तेव्हा ओंकारनं डोळे उघडले.

"दे, बे," तो म्हणाला.

"तू गप राय. आठशे रुपये मांगून राह्यला तो."

"दे नं."

मला वाटलं, ताप चढला, बरळतो आहे. मी चौथं बोट दाबलं.

हवालदार मागून उतरून आला तेव्हा बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"अजून इथंच?"

"हजार मागतो, हवालदारसाहेब. आठशे रुपये."

"कसले आठशे? तेहेतीस रुपये होतात, शहाण्या! दे त्याला!"

मी ओंकारच्या खिशातून हजाराची नोट काढली आणि दिली.

आता आमच्या भागातली पोरं बोटीनं, विमानानं परदेशात जातात. त्यांना मी एकच सांगतो. उतरल्या दिवशी तिथला पैसा हातात घ्या. आपल्या रुपयात तो किती होतो ते विचारा. समजलं नाही तर दहा वेळा विचारा. तोऱ्यात राहून विचारलं नाही, म्हणून माझ्या हातून हे असं झालं.

शेतकऱ्यानं नोट न बघता खिशात घातली आणि पाच मिनिटांत बैल जुंपले. गाडीत त्याच्या बायकोनं कडबा टाकला, वर तिच्या घरची गोधडी. वाट दोन मैलांची. शेतकरी बैलांच्या पुढं चालला, उलटा, त्यांच्याकडं तोंड करून. अर्ध्या वाटेवर शेल पडला, पन्नास पावलांवर. आम्ही आडवे झालो. तो झाला नाही. दोन्ही बैलांची शिंगं धरून त्यांच्या कानाशी बोलत राहिला. बैल थांबले, थरथरले, परत चालू लागले. गाडीला हिसका बसला नाही म्हटलं तरी चालेल.

एड पोस्टला पोचलो एक वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टर कॅप्टन होता.

"कधी लागलं?"

"अकरा चाळीस, सर."

त्यानं घड्याळ बघितलं. ओंकारच्या गळ्याला हात लावला. तो हात तिथं बराच वेळ राहिला. मग त्यानं गोधडी वर ओढली.

मी विचारलं, "सर, वीस मिनिटं आधी आणला असता तर?"

त्यानं हात धुतले. "जवान, ते मला सांगता येणार नाही."

शेतकरी दारात उभा होता. त्यानं खिशातून नोट काढली आणि माझ्यापुढं धरली. मी त्याची मूठ मिटली. "बैल आगीत घातले तुमी. हे तुमचंच हाय." भाषा त्याला समजली नाही, मूठ समजली. तो खाली बसला आणि रडला. मी रडलो नाही. ड्यूटी संपली नव्हती.

संध्याकाळी पाच वाजता नदीकाठी ओंकारला अग्नी दिला. लाकडं ओली होती. त्याचं वय तेवीस होतं.

लढाई संपली, मी सुटून आलो. घरी चार दिवस राहिलो आणि मलकापूरला गेलो. तिथून त्याचं गाव चालत. त्याचा बाप ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसला होता. मी नाव सांगितलं. त्यानं पाट दिला. मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं.

"मी भाव केला, बाबा. ओंकार तिथं पडला होता अन् मी भाव करून राह्यलो होतो. मले वाटलं, त्याचे पैशे लुटून राह्यला."

त्याचा हात थांबला.

"त्याले आयकू येत होतं?"

"हाव. म्हणे, दे बे."

"मंग?"

"मी नाई देल्ले."

म्हाताऱ्यानं दोराला एक पीळ दिला.

"तो असाच. दुकानात कधी भाव नाई केला त्यानं. मीच शिव्या देत होतो त्याले." परत एक पीळ. "बैल कसे होते?"

"पांढरे. थोर. गरीब."

"हिसके तं नाई देल्ले त्याले?"

"नाई बाबा. बॉम्ब पडला तरी नाई. मालक त्यायच्या कानाशी बोलत होता."

म्हाताऱ्यानं मान हलवली. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "आयकता का वं, भाकर टाका. हा ओंकारच्या संग होता."

मग मी पाटावर बसलो.

तो जगला तोवर मी दरसाल जात राहिलो. दर वेळी तो म्हणे, सांग बापू, बैल कसे होते. मी पहिल्यापासून सांगे. ओंकारचे कॅन, मॉर्टर, ते घर, ते बैल, त्यांच्यापुढं उलटा चालणारा तो माणूस. मधे मी भाव करत बसलो, तो भाग तो कधी विचारत नसे. मी तो कधी गाळला नाही.