चांदरीचे गुडघे

"लंगडनं उठून दुसऱ्याकडं जात न्हाय, त्याला धड चालता आलं असतं तर आनखी काय पायजे व्हतं!" येसू एकदा म्हणाली होती.

वळ गावच्या गोदामांमागे, टेकडीला टेकून तिचा पाडा. सकाळी गोदामात झाडू, दुपारनंतर शेळ्या. पाड्यावर सगळ्या घरांच्या शेळ्या एकत्र चरत आणि त्या राखायची पाळी रोज एका घराची. कळपापुढे गळ्यात घंटा घातलेली येसूची चांदरी. घंटा जाईल तिकडे बाकीच्या बावीस, ही त्यांची करडं असल्यापासूनची खोड.

चांदरी आता अकरा वर्षांची. तिचे पुढचे गुडघे सुजून कांद्याएवढे झाले होते. सोमवारी पाळी पाड्यातल्याच अनंताची. संध्याकाळी कळप इतका रखडत परतू लागला, की त्याला मागे टाकून अनंताच आधी पाड्यात शिरला. "रोग पसरला! तेवीसच्या तेवीस लंगडतात!"

तेव्हाच येसू ते लंगडण्याचं वाक्य बोलली. कुणी ऐकलं नाही. चांदरी खाटकाला द्यायची, असं अनंताच्या अंगणात ठरू लागलं. दोन दिवसांनी येसूने नारपोलीहून गुरांचे डॉक्टर मिलिंद यांना बोलावलं.

डॉक्टरांनी चांदरीचे गुडघे दाबले. "संधिवात. वयानं सांधे झिजून सुजलेत. यात जंतू नाहीत, एकीचा दुसरीला होत नाही."

"मंग बाकीच्या बावीस?" अनंता म्हणाला.

डॉक्टरांनी अठ्ठ्याऐंशी पाय तपासले. तीन लाथा खाल्ल्या. "लाथेवरून तरी ठणठणीत आहेत."

"मंग हलू का चालतात?"

डॉक्टरांनी जवळच्या शेळीचा खूर पुन्हा उचलून पाहिला.

"बगा! माझा पन गुडघा सोमवारपास्नं धरलाय." अनंताने लेंगा वर केला. बामाचा वास अंगणभर सुटला.

"भातलावनी आली की दरसाली धरतो तुझा गुडघा," येसू म्हणाली. "तवा कोनची शेली डसती रं?"

सगळे हसले, डॉक्टरही.

"हसा, हसा," अनंता म्हणाला. "पन चांदरी उद्या जानार, मावशे."

चांदरी भिंतीला टेकून रवंथ करत होती, खटला दुसऱ्याच कुणावर चालल्यासारखी. येसूने तिच्याकडे पाहिलं. मग उठून तिच्या गळ्यातली घंटा सोडली, पदर खोचला, घंटा हातात घेतली आणि ती वाजवत भराभर अंगणाबाहेर पडली.

बावीस शेळ्या डॉक्टरांची पिशवी तुडवत तिच्यामागे धावल्या. वाटेत अनंताच्या मिरचीचे वाफे होते. त्यामुळे अनंताही गुडघा विसरून धावला. सर्वांत मागून, कसलीच घाई नसलेली चांदरी.