'बाळा' कुणाला म्हणायचं

शाळेच्या सिकरूमच्या रजिस्टरमध्ये चार रकाने असतात. नाव, वर्ग, तक्रार, उपचार. 'हा पोरगा आवडत नाही' असा रकाना कुणी आखून दिलेला नाही, म्हणून तेवढे किस्से माझ्या डोक्यात साठत गेले. पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका शाळेत मी नर्स आहे. "मला सगळी मुलं सारखीच," असं मी मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं. थाप होती!

*

पहिला नंबर सातवीतल्या आयुषचा. रोज गणिताच्या तासाला याच्या पोटात दुखणार. आला की कॉटवर बसणार, कापसाच्या डब्यात डोकावणार आणि म्हणणार, "मॅडम, तुमचं घड्याळ दोन मिनिटं स्लो आहे."

होतंच स्लो. त्याचाच तर राग!

शिवी नाही, मारामारी नाही. तरी हा दारात दिसला की माझंच कपाळ दुखायला लागायचं. का? मी खूप शोध घेतला. त्याचा आवाज, त्याचं ते डोकावणं, सगळं तपासून पाहिलं. पण रोगाचं निदान काही झालं नाही.

*

सिकरूमची झाडलोट करणाऱ्या लतामावशी पालघरजवळच्या माहीम गावच्या. एकदा फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "मॅडम, जो पोर तुमाला आवडत नाय ना, त्यालाच तुमी 'बाळा' बोलता."

"काहीतरीच काय, मावशी!"

"बगा तुमीच."

आठवडाभर मी स्वतःवर पाळत ठेवली. लाडक्यांना "काय रे टोणग्या", "काय गं भवाने". आणि आयुषला? "ये बाळा. बस बाळा. कुठे दुखतंय बाळा?"

मावशींना निदानाची फीच द्यायला हवी होती.

*

एक दिवस आयुष खेळाच्या तासाला पडला. "मॅडम, हात दुखतोय." आज पोटाऐवजी हात, एवढंच माझ्या मनात आलं. स्प्रे मारला आणि म्हटलं, "जा बाळा वर्गात."

संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन. तारापूरच्या कंपनीतली शिफ्ट संपवून त्यांनी पोराला डॉक्टरकडे नेलं होतं. "मॅडम, हड्डी टूटी है."

भांडले असते तर बरं वाटलं असतं. उलट स्प्रे मारल्याबद्दल थँक्यू म्हणाले!  लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. हात होता म्हणून निभावलं. खरोखरचं पोटाचं दुखणं असतं तर?

आयुष प्लॅस्टर घालून आला आणि पेन पुढे केलं. "मॅडम, सगळ्यांनी सही केलीय."

मी केली. त्याने वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून स्लोच आहे."

*

आवडणं काही हुकमावर येत नाही. म्हणून मी नियम केला. जो आवडत नाही त्याचा ताप दोनदा बघायचा, पोट चारी बाजूंनी दाबून बघायचं, घरी फोन करायचाच. आणि विसरू नये म्हणून रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे एक टिंब.

मुख्याध्यापकांनी टिंबं पाहिली. "हे काय?"

"विशेष लक्ष, सर."

स्टाफ मीटिंगमध्ये माझं कौतुक! प्रत्येक शिक्षकाने आपापल्या वर्गात अशी टिंबं द्यावीत, असं ठरलं. गणिताचे सर माझ्या कानाशी पुटपुटले, "माझा अख्खा वर्ग जाईल हो टिंबात!"

*

सातपाटीची सानिका, सहावीतली, माझी एकदम लाडकी. तिच्या तक्रारीवर माझा एकच उपचार. ओवा चघळायला द्यायचा, दोन टपल्या मारायच्या आणि परत वर्गात पाठवायचं. ती हसत यायची, कॉटवरच्या 'बाळा'ची तपासणी बघायची, हसत जायची.

परवा ती दारात येऊन नुसतीच उभी राहिली.

"काय गं भवाने, आज कुठला तास बुडवतेस?" मी ओव्याची बाटली उघडली.

ती हसली नाही. दोन्ही हातांनी पोट धरून कॉटवर बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "आज मला पण 'बाळा' बोला ना."