धवलारीण सगुणाबाईंचा असहकार

बोनकोड्यात लग्नघरी धवलारीण आल्याखेरीज हळदीला हात लागत नाही. विधीची गाणी तिने आरंभली की मगच पुढचे सारे. चाळीस वर्षे हा मान सगुणाबाईंचा होता.

त्यांचे वडील मिठागरात राबले आणि तरुणपणी मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. हात उगारायचा नाही, अन्यायाला साथ द्यायची नाही आणि जे करायचे ते समोरच्याला आधी सांगून करायचे, ही गांधीजींची शिकवण त्यांनी मुलीला दिली. मनात वैर ठेवू नये, हेही सांगितले होते. तेवढे सगुणाबाईंनी कधी मनावर घेतले नाही.

वैर हरेशशी होते. हा नात्यातला भाचा, आता बिल्डर. नळजोडणीचा अर्ज म्हणून त्याने त्यांचा अंगठा घेतला आणि त्याच कागदावर त्यांचे घर गेले. खटल्याला नऊ वर्षे झाली. साक्षीदार एकही नव्हता.

लेकीच्या हळदीचे बोलावणे घेऊन हरेश त्यांच्या भाड्याच्या खोलीवर आला.

"राग सोड आता, आत्या. मनस्वी तुजीच पोर हाय."

"पोर माजी, तू नाय. मांडवात माइकवर सांग, अंगठा फसवून घेतला. मंग गाते. आनि आयक, तू बोललास का आयकनाऱ्या बायकांना मी साक्षीला कोर्टात नेनार. मागून म्हनू नको, आत्यानं दगा दिला."

"ब्लॅकमेल करतेस?"

"असहकार. तुज्या केसाला तरी हात लावला का मी?"

हरेशने जासईहून दुसरी धवलारीण आणली. ती सगुणाबाईंचीच शिष्या निघाली; कारण कळताच रिक्षातून न उतरता परत गेली. मग स्पीकरवर गाणी लावली. बायका हात मांडीवर ठेवून बसल्या. मनस्वी दोन तास पाटावर. अखेर तीच रडवेली होऊन म्हणाली, "पप्पा, बोला ना."

हरेश बोलला. मांडवाच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या सगुणाबाईंनी शांतपणे सांगितले, "मागच्यांना आयकू नाय आलं."

त्याला पुन्हा बोलावे लागले. इतका गोड घास त्यांनी कित्येक वर्षांत चाखला नव्हता.

मग त्या खड्या आवाजात गायल्या. हळद लावताना मनस्वीने विचारले, "आता राग गेला ना?"

"तुज्यावर कवा होता? त्याच्यावरचा ऱ्हानार."

सोमवारी वकिलाच्या जिन्यात अकरा बायका होत्या. पहिली साक्ष कोणाची, यावरून त्या भांडत होत्या, आणि सगुणाबाईंनी त्यांना गप्प केले नाही.