काकीच्या खांद्यावरचा हात

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण या सगळ्या प्रकरणात शहाणपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत माझाच आहे!

गागोद्याच्या आमच्या बचत गटाचे पोह्याचे पापड पहिल्यांदाच रोह्याच्या प्रदर्शनात जाणार होते. गटात आम्ही सातजणी, प्रमुख माझी चुलतसासू, बायजाकाकी. मी म्हटलं, बॅनर हवाच! आठ फूट बाय चार फूट, सगळ्यांचा फोटो, आणि वर ‘आमच्या सासूबाईंची जुनी रीत’. रीत काकीच्या सासूची, बरं का. म्हातारी जाऊन कैक वर्षं झाली.

काकी म्हणाली, "पापड तोंडानं खातात गो, डोळ्यांनी नाय. पन कर. पापड परत आले तर तुझा लॅपटॉप कपाटात, आनि तू लाटायला."

लाटायला? कॉम्प्युटर शिकलेली मी! इरेलाच पेटले.

फोटो काढला. काकी उजवीकडून दुसरी, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून मी अगदी कडेला. डाव्या टोकाला पापडांचा ढीग. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो मोठा छापला की फाटतो, सगळं धूसर दिसतं, म्हणून मी तो डॉक्युमेंट करून पाठवायचं ठरवलं. लॅपटॉपवर बसून काळवंडलेले चेहरे उजळले. काकीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतका स्वच्छ! आणि रिकामी भिंत कशाला छापायची, म्हणून चारी बाजूंनी फोटो काठोकाठ कापला.

रोह्याच्या छपाईवाल्याचा फोन आला. "ताई, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा फूट जागा सोडलीय ना?"

"दादा, मी सगळं तपासलंय. तुम्ही फक्त छापा!"

का सोडायची, एवढं तरी विचारावं की नाही माणसानं? नाही विचारलं.

प्रदर्शनाच्या सकाळी बॅनर टांगला. बघते तर दोन्ही कडा मागे दुमडून शिवलेल्या आणि त्यांत पाइप घातलेले. डावीकडे पापडांचा ढीग दुमडला गेला, त्याचं एवढं काही नाही. उजवीकडे मी दुमडले होते! संपूर्ण मी पाइपाच्या पलीकडे. उरला फक्त काकीच्या खांद्यावर एक हात, लख्ख आणि बिनमालकाचा.

काकीनं मान वर केली. "हा हात कोनाचा गो?"

"माझा."

"आनि तू कुठं हायस?"

"मागे."

मला समोर पोळपाट-लाटणंच दिसायला लागलं.

तेवढ्यात एक बाई थांबल्या. वरची ओळ वाचली, हात बघितला आणि डोळे मोठे केले. "अगो, ह्यो सासूबाईंचा हात व्हय?"

काकीनं पापडांच्या भरल्या टोपल्यांकडे बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "जिती होती तवा कधी ठेवला नाय, आता ठेवलान."

झालं! त्या बाईंनी जावेला बोलावलं, जावेनं शेजारणीला. हात बघायला रांग! एकीनं शंका काढलीच, "पन मनगटावर घड्याळ हाय की!"

"येळेची पक्की होती," काकी पुडा बांधता बांधता म्हणाली.

दुपारच्या जेवणाआधी सगळ्या टोपल्या रिकाम्या! शेजारच्या स्टॉलवाल्या आमच्याकडे टकामका बघत होत्या. जिंकलो हो आम्ही! मला काही राहवेना. खुर्चीवर चढले, बॅनरवरच्या हाताशेजारी आपला हात धरला आणि ओरडले, "हा हात माझा आहे! बॅनर मीच केलाय!"

शेवटचा पुडा घेतलेल्या आजींनी माझ्या मनगटाकडे कौतुकानं बघितलं. "सासूचं घड्याळ नातसुनेला दिलंत? बरं केलंत."

घरी परतताना पेणच्या एसटीत काकी माझ्या शेजारी टेकली. "लॅपटॉप कपाटात नाय ठेवायचा. पुढच्या टायमालाबी बॅनर तूच कर."

मी इतकी फुगले म्हणून सांगू! "काकी, आता कडेला जागा सोडीन. मी पूर्ण दिसेन."

"काय नको," काकी म्हणाली. "हात तेवढा ठेव. तोंड दाखवलंस तर गिऱ्हाईक जाईल."