अमिर्दीच्या चढावर, माझ्या पुढे

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. भास, संकेत, आत्मे... विश्वास सोडा, मला त्यासाठी वेळही नव्हता. नोकरी, घर, आणि प्रत्येक कामाची यादी. वाणसामानाची यादी, औषधांची यादी, आणि रस्त्यांचीही.

हो, रस्त्यांची. मी आणि माझे यजमान श्रीकांत, दोघांनाही सायकलचं वेड. आम्ही मूळचे साताऱ्याचे. त्यांच्या नोकरीमुळे चेन्नईजवळच्या आवडी या गावी सरकारी क्वार्टर्समध्ये आलो आणि इथलेच झालो. चेन्नईच्या रहदारीत सायकल चालवण्यात सुख नाही. म्हणून महिन्यातून एकदा सायकली रेल्वेच्या लगेज डब्यात टाकून काटपाडीला जायचं, आणि वेल्लूरच्या पुढे जव्वादूच्या डोंगरात शिरायचं. दिवसाकाठी दोन-चार बस आणि थोड्या मोटारसायकली, एवढीच वर्दळ असलेले रस्ते आम्ही शोधायचो. पाणी कुठे, सावली कुठे, कुत्री कुठे, हे मी टिपून ठेवायची. श्रीकांत पुढे, मी मागे — कारण ते सामान पाडत जायचे आणि मी उचलत.

मागच्या वर्षी एका सकाळी अंघोळ करून ते पंख्याखाली बसले आणि तिथेच कलंडले. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, जीव वाचला. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. नळीतून पेज. दर दोन तासांनी कूस बदलायची. डोळे उघडे असतात, पण ते बघत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यापेक्षा सुधारणा होणार नाही. वाट बघू नका." मला स्पष्ट बोललेलं आवडतं. तरीही मी वाट बघत होते. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मला ओळखावं, एवढीच.

आमचा मुलगा निखिल सिरुसेरीला आयटीत आहे. यंदाच्या फेब्रुवारीत तो म्हणाला, "आई, महिन्यातला एक रविवार तू मला घरात दिसायचं नाही. बाबांचं मी आणि सेल्वी बघतो." सेल्वी म्हणजे त्यांच्या सेवेला ठेवलेली बाई. मी कुरकुरले, पण गेले.

जव्वादूच्या पायथ्याच्या अमिर्दीहून वर जाणाऱ्या रस्त्यावर, चढाच्या मध्यावर, चिंचेखाली एक नवी टपरी दिसली. आमच्या वेळी ती नव्हती. चालवणारी मुनियम्मा, माझ्याच वयाची. मी हेल्मेट काढत होते, तोवर तिनं तमिळमध्ये सुरू केलं, "काय अम्मा, भांडण झालं? सार पुढे, तुम्ही मागे!"

"कोणते सार?"

"आता नवराही ओळखू येईना? आत्ताच गेले की. अशीच पिशवी होती सायकलला."

हँडलच्या पिशव्या मी जुन्या छत्रीच्या कापडाच्या शिवल्या होत्या, हिरव्या-पिवळ्या चौकटीच्या. दोनच. दुसरी श्रीकांतच्या सायकलला, आणि ती सायकल आमच्या बाल्कनीत.

"चहा नको म्हणाले, पाणी मागितलं. अर्धं प्यायले आणि उरलेलं गुडघ्यांवर ओतलं! मी म्हटलं, सार, बैल धुताय का?" मुनियम्मा हसत सुटली.

मी हसले नाही. गुडघ्यांवर पाणी ओतायची सवय श्रीकांतची. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. टपरीसमोरचा दगड भर उन्हात ओला होता.

मी उठले आणि सायकल चढावर जीव खाऊन दामटली. तिथे वरची वळणं खालून दिसतात. कुणी नव्हतं. एका वळणापलीकडे फक्त सायकलच्या चाकाची टिकटिक ऐकू आली... मग तीही नाही. वर पोचून निखिलला फोन लावला.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत तसेच. सेल्वीनं आत्ताच कूस बदलली. का गं?"

"काही नाही."

घरी आल्यावर मात्र सांगितलं. तो म्हणाला, "आई, डोंगरात सायकल चालवणारे तुम्ही दोघंच का? असेल कुणी बंगळुरूवाला." मला पटलं. खरंच पटलं. पण पुढच्या महिन्यात तोही यायला निघाला, श्रीकांतची सायकल घेऊन. त्या दिवशी सेल्वीच्या मदतीला शेजारीण बसली.

आम्हाला बघताच मुनियम्मानं पिशवीला हात लावला. "तीन शिवल्या होत्या काय अम्मा? ही तर आत्ताच सारांच्या सायकलला पाहिली. हा मुलगा ना? नाक तेच."

निखिलनं मोबाइलवर बाबांचा फोटो दाखवला, आजारपणाआधीचा. तिनं तो डोळ्यांजवळ धरला. "हेच. पण तेव्हा दाढी नव्हती वाटतं? आता आहे. पांढरी."

श्रीकांतनी आयुष्यात कधी दाढी ठेवली नाही. खाटेवर पडल्यापासून ती वाढलीय, आणि आम्ही ती बारीक कापतो, एवढंच. हे आमच्या घराबाहेर फार कुणाला माहीत नाही. निखिलनं तिथूनच सायकल उतरणीला लावली. रेल्वेत म्हणाला, "आई, परत नको जाऊस."

मी गेले. मन वेड्यासारखं एकच म्हणत होतं — इथे नाहीत, तर तिथे आहेत. तिथे पाय चालतात, तहान लागते, बोलताही येतं. मग परतही आणता येईल. चढावर मी त्यांना गाठू शकत नव्हते, म्हणून मुनियम्मालाच विनवलं, "आले की थांबवून ठेवा. सांगा, वंदना मागून येतेय. वंदना, एवढं नाव सांगितलं तरी पुरे."

"सांगते की. बांधून ठेवते!" ती म्हणाली.

पुढच्या वेळी तिनं थट्टा केली नाही. न मागता चहा पुढे ठेवला आणि माझ्याशेजारी बाकावर बसली.

"आले होते?"

"आले होते. सांगितलं मी, अम्मा. नाव दोनदा सांगितलं."

"मग?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "त्यांनी विचारलं, कोण? रागानं नाही हो. चांगल्या माणसासारखं, आठवून बघितल्यासारखं विचारलं. मग म्हणाले, नाही, अशी कुणी माझ्या ओळखीची नाही. आणि गेले वर."

मी चहा संपवला. सायकल वळवली आणि खाली उतरले. त्यानंतर गेले नाही.

याचा खुलासा माझ्याकडे नाही, निखिलकडेही नाही. डॉक्टरांना मी विचारलेलं नाही. ते मलाच गोळ्या लिहून देतील. कूस बदलताना मी अजून दर वेळी सांगते, "मी आहे, वंदना." ते माझ्याकडे तोंड करून असतात, डोळे उघडे. पूर्वी मला वाटायचं, त्यांना ऐकू जात नसेल.