वरच्या बाथरूमचा नळ

पुरुषोत्तम जेऊरकर होते तोवर अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या घरात भर जानेवारीतही बनियनवर बसायचे. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हे सोफ्यावर पाय पसरून पेपर वाचताहेत. मालिनीबाई अंगावर शाल ओढून घरात फिरायच्या आणि जाता-येता भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा काटा हळूच खाली सरकवायच्या. पेपरातून मान वर न काढता पुरुषोत्तमरावांना ते कसं कोण जाणे कळायचं.

"मालू, हात लावलास ना?"

"थोडासाच."

"अगं, मिशिगनमध्ये बनियनवर बसता यावं म्हणून तर इंजिनिअर झालो."

त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्येच ते गेले. गाडीची किल्ली हातात होती. काटा खाली सरकवल्यावर बोलणारं कोणी उरलं नाही, आणि तो वर असावा एवढी पेन्शनही नव्हती.

एकुलता एक मुलगा प्रताप टेक्ससमध्ये, प्लेनोला. ऑक्टोबरात तो चार दिवसांसाठी आला. त्याने अंगणातली पानं गोळा केली, छपराच्या पन्हाळी साफ केल्या आणि शेवटच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"आई, चार बेडरूमचं घर, आणि तू एकटी. फर्नेस जुना झालाय. बाबांची अर्धी पेन्शन गॅसच्या बिलात जाईल. लॉजिकली विचार कर ना."

"लॉजिकली म्हणजे?"

"म्हणजे घर विकून टाकू. तू प्लेनोला ये. तिथे विंटर म्हणजे नावालाच."

मालिनीबाई ताटातला भात सारखा करत राहिल्या. मुलाची ओढ खरी होती, सून विनीताही गुणाची होती. दोघांना नावं ठेवायला जागा नव्हती, म्हणून तर उत्तर देणं अवघड. जन्मापासून त्या कुणाच्या ना कुणाच्या घरात राहिल्या होत्या. आधी वडिलांच्या, मग सासऱ्यांच्या, मग नवऱ्याच्या. या सहा महिन्यांत पहिल्यांदाच दाराची कडी त्यांच्या मनाने लागत होती आणि निघत होती. सकाळी चहा आधी की अंघोळ आधी, हे विचारणारं कोणी नव्हतं. दुःखाच्या पोटात हे एवढंसं सुख होतं, आणि ते मुलाला सांगायची सोय नव्हती. नवरा गेल्यावर सुख लागलं, असं कोणती आई मुलाला सांगेल?

"एक हिवाळा दे मला," त्या म्हणाल्या. "तेवढा पेन्शनमध्ये निभावून दाखवते. नाही जमलं तर तू म्हणशील त्या कागदावर सही करीन."

प्रताप बापाचा मुलगा. हात पुढे करून म्हणाला, "डील."

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मालिनीबाई घर लहान करायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतल्या, गरम हवा सोडणाऱ्या जाळ्या त्यांनी बंद केल्या आणि दारं लावली. दारांखालच्या फटींना जुन्या सुती साड्यांच्या वळकट्या करून लावल्या. सोफा ओढत ओढत स्वयंपाकघराच्या कडेला आणला आणि झोपायची सोय तिथेच केली. अंगणाकडच्या मोठ्या काचेच्या दारावर त्यांनी सासूबाईंनी शिवलेली जुन्या लुगड्यांची गोधडी खिळे ठोकून टांगली. ऊन असेल तेव्हा ती वर गुंडाळायची, ऊन कललं की सोडायची. संध्याकाळी भाकरी थापायची, म्हणजे पोटही भरतं आणि स्वयंपाकघरही ऊबदार होतं. तवा उतरवल्यावर विझलेल्या शेगडीवर हात धरून त्या बराच वेळ उभ्या राहायच्या.

पुरुषोत्तमरावांच्या हाताखाली काम केलेला उल्हास बायको सुलेखाबरोबर पंधरा मिनिटांवर राहायचा. मूळचा नागपूरचा. पायऱ्यांवरचं बर्फ वितळवायला टाकायचं मीठ घेऊन तो दर रविवारी यायचा आणि दारातच विचारायचा, "काकू, तुमच्याकडे आल्यावर कोट काढायचा असतो की आणखी एक घालायचा असतो?"

"काढ. भाकरी खा, आपोआप घाम फुटेल."

"ठेचा असेल तर काढतो."

नोव्हेंबरचं बिल आलं ते पुरुषोत्तमरावांच्या वेळच्या निम्म्याहूनही कमी. मालिनीबाईंनी प्लेनोला फोन लावून आकडा वाचून दाखवला. प्रतापने तो पुन्हा वाचायला लावला.

"रिअली? आई, तू घरात शेकोटी तर पेटवत नाहीस ना?"

मग त्याची चार वर्षांची सीमा फोनवर आली. "आजी, आर यू कोल्ड?"

"नो," आजी म्हणाली. फोन धरलेल्या हातात लोकरीचा मोजा होता.

फोन ठेवल्यावर त्या स्वतःशीच हसल्या. जमतंय, त्यांना वाटलं. त्या रात्री त्यांनी स्वतःपुरता, वाटीभर, शिरा केला.

नाताळच्या आठवड्यात थंडीने कहर केला. रेडिओवर दर तासाला सूचना सुरू झाल्या. गुरुवारी दुपारी उल्हासचा फोन आला.

"काकू, वरच्या बाथरूमचा नळ आज थोडा चालू ठेवा. ते बाथरूम गॅरेजच्या डोक्यावर आहे, आणि वर हीट तुम्ही बंद केलीय. पाइप फ्रीझ होऊन फुटेल."

"चालू ठेवा म्हणजे?"

"ड्रिप हो. थेंब थेंब पडू द्यायचं. वाहतं पाणी गोठत नाही. थंडी उतरेपर्यंत."

"दिवसरात्र?"

"दिवसरात्र. आणि काकू, बिलाचं टेन्शन घेऊ नका, पाण्याला इथे काय पैसे पडतात?"

पैशांचा प्रश्न नव्हता. मालिनीबाईंचं माहेर करमाळा तालुक्यातलं. होळी झाली की विहिरीचा तळ दिसायचा. आई मुलांना मोठ्या परातीत उभं करून अंघोळ घालायची. परातीत साठलेलं पाणी गाईच्या गोठ्यात जायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला. तांब्यात घेतलेलं पाणी उष्टं टाकलं तर मार बसायचा. अमेरिकेत आल्यावर पुरुषोत्तमरावांनी त्यांना पहिल्या उन्हाळ्यात मुद्दाम लेक मिशिगनच्या काठावर नेलं होतं. "बघ, गोड्या पाण्याचा समुद्र आहे, असे पाच आहेत. आता तरी भांडी घासताना नळ बारीक करू नकोस." मालिनीबाईंनी समुद्र डोळे भरून पाहिला, आणि घरी येऊन नळ बारीकच ठेवला. गळका नळ त्यांना दिवसभर काही सुचू देत नसे. घरात कुणी कण्हत पडलं आहे असं वाटायचं.

तरी त्या वर गेल्या. बाथरूममध्ये श्वासाची वाफ दिसत होती. त्यांनी नळ सोडला, थेंब पडू लागले. उल्हासने सांगितलं तेवढं केलं. फक्त थेंबांखाली एक पातेलं ठेवलं.

पातेलं भरलं तेव्हा ते खाली आणून त्यांनी भांडी घासायला घेतलं. दुसरं ठेवलं. मग बादली ठेवायचा विचार केला, पण बादली बेसिनमध्ये मावेना, म्हणून पुन्हा पातेलीच. गुरुवार गेला, शुक्रवार उजाडला. एकट्या बाईला दिवसाला पाणी लागतं किती? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुकर भरला, परात भरली, दिवाळीच्या फराळाचे स्टीलचे डबे भरले, आणि कपडे धुवायच्या दोन्ही बादल्या तर कधीच काठोकाठ झाल्या. ओट्यावर हात ठेवायला जागा नव्हती. शेवटचं पातेलं घेऊन खाली उतरताना गुडघा दुखला आणि थोडं पाणी जिन्यावर सांडलं.

त्या पुन्हा वर गेल्या. आता थेंबांखाली काही नव्हतं. चांगलं स्वच्छ पाणी बेसिनच्या भोकात जात होतं, एकामागून एक. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. रात्रभर हे असंच चालणार, उद्याही, परवाही. त्यांनी नळ थोडा आवळला. थेंब मंदावला. मग नळाला हात आहेच तर म्हणून त्यांनी तो पुरता आवळला. आवाज थांबला. त्यांना इतकं हायसं वाटलं की दार लावून, फटीला साडीची वळकटी नीट सारून त्या खाली आल्या आणि गाढ झोपल्या.

खालचे नळ नीट चालत होते. वर जायचं कारण पडलं नाही.

नाताळ उलटला आणि एका सकाळी लख्ख ऊन पडलं. मालिनीबाईंनी गोधडी वर गुंडाळली. थंडी मोडली होती. छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे टपटपायला लागले होते. त्यांनी आल्याचा चहा केला आणि सोफ्यावर बसल्या. वर कुठेतरी पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. छपरावरचं बर्फ वितळतंय, त्यांनी मनाशी म्हटलं. निम्मा हिवाळा सरला. मार्चपर्यंत असंच रेटलं की प्रतापला बोलायला जागा नाही. चहा संपला तरी त्या तो आवाज ऐकत बसून राहिल्या, पावसाळ्यात बसावं तशा.

मग नाकावर एक थेंब पडला. वर पाहिलं तर छताला पोट सुटलं होतं. त्या उठल्या आणि कप ठेवायला ओट्याकडे वळल्या, एवढ्यात छताचा मोठा तुकडा पाण्यासकट सोफ्यावर कोसळला.

फोन ऐकून उल्हास आला तोवर पाणी जिन्यावरून वाहायला लागलं होतं. तो बुटांसकट आत शिरला.

"काकू, मेन व्हॉल्व्ह कुठाय?"

"ते त्यांना माहीत होतं."

तो बेसमेंटमध्ये धावला. बऱ्याच वेळाने पाणी थांबलं. वर आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे होते.

"नळ चालू होता ना?"

"बंद केला मी."

उल्हास काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याची नजर ओट्यावर गेली. कुकर, परात, एकाला एक लागून ठेवलेले डबे, सगळ्यांत पाणी. काठोकाठ. पडझडीचा चुरा त्यांच्यावर तरंगत होता.

"एवढं पाणी कशाला भरून..." तो म्हणाला. चष्मा काढून पुसला. मग खाली बसून साडीच्या वळकट्यांनी फरशी टिपायला लागला. "सुलेखाला फोन करतो. आज आमच्याकडे चला."

प्रताप दुसऱ्या दिवशी विमानाने आला. मालिनीबाईंनी रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती. तो म्हणेल, सांगितलं होतं ना, तेव्हा काय म्हणायचं. तो म्हणेल, बाबा असते तर, तेव्हा काय. प्रतापने घरभर फिरून पाहिलं. ओल भिंतीत उतरली होती, वरच्या लाकडी जमिनी फुगून वर आल्या होत्या. मग तो आईजवळ बसला आणि तिचा हात हातात घेतला.

"इट्स ओके, आई. दर विंटरला कुणाचा ना कुणाचा पाइप फुटतोच. तू खूप केलंस."

तो भांडला असता तर त्याही भांडल्या असत्या. आणखी एक हिवाळा मागून घेतला असता. खूप केलंस म्हटल्यावर करायचं काय उरतं?

इन्शुरन्सने छत आणि जमिनी नव्या करून दिल्या. घर विकण्याचा शब्द प्रतापने एकदाही काढला नाही. दुरुस्ती संपत आली तेव्हा मालिनीबाईंनीच फोनवर विचारलं, "कागद कधी पाठवतोस सहीला?"

"बघू गं. स्प्रिंगमध्ये बघू."

"बघू नको. पाठव."

फेब्रुवारीत एजंट बाई आल्या. उंच टाचांच्या, हसतमुख. त्यांनी आल्या आल्या थर्मोस्टॅट पाहिला आणि मायेने मालिनीबाईंच्या दंडाला हात लावला. घर बघायला येणाऱ्यांना कोट काढावासा वाटला पाहिजे, त्या म्हणाल्या, आणि काटा पार वर नेला. वरच्या जाळ्या उघडल्या, सगळी दारं उघडली, गोधडीचे खिळे उपटले. पाण्यात भिजल्यापासून ती गोधडी दमटच राहिली होती. बाईंनी ती दोन बोटांत धरून मालिनीबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती वर नेऊन जिन्याच्या कठड्यावर टाकली.

फर्नेस दिवसभर धडधडत होता. एप्रिलनंतर पहिल्यांदाच सगळं घर एकसारखं गरम झालं होतं. मालिनीबाईंनी आधी शाल काढली, मग स्वेटर काढला. साधी साडी नेसून त्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांना घाम आला. पूर्वी जिथे सोफ्यावर पुरुषोत्तमराव बनियनवर बसायचे, ती समोरची जागा त्यांनी बघायची टाळली.

दुपारी एक तरुण जोडपं आलं. बायको पोटुशी होती. तिने खरंच कोट काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. सगळं घर फिरून झाल्यावर ती मालिनीबाईंपाशी आली.

"हिवाळ्यात हे घर गरम राहतं का?"

एजंट बाई हसतमुखाने बघत होत्या.

"राहतं," मालिनीबाई त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "फार थंडी पडली तर वरच्या बाथरूमचा नळ थोडा चालू ठेवा. थेंब थेंब. बंद करू नका."

"एवढंच ना?" ती मुलगी हसली. "पाण्याचं काय मोठंसं."

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. "पाण्याचं काय."

जोडपं गेलं, पाठोपाठ एजंट बाईही गेल्या. मालिनीबाई सवयीने थर्मोस्टॅटपाशी गेल्या. हात वर केला, तसाच खाली घेतला. मग जिना चढून कठड्यावरच्या गोधडीची घडी करायला घेतली. दोन महिने न सुकलेली गोधडी एका दुपारीत खडखडीत वाळली होती.