बोटाच्या आधी पोचणारी रेघ

सुवर्णा जेजुरकरला राग पटकन येत नाही. तिच्या आईला, ठमाबाईंना, येतो आणि चहाला उकळी फुटेपर्यंत जातोही. सुवर्णाचा राग दह्यासारखा. एकदा विरजण लागलं की ती त्याला हलवत नाही, झाकून ठेवते, आणि मग तो असा घट्ट बसतो की भांडं उलटं केलं तरी सांडत नाही. ललितला हे ठाऊक असायला हवं होतं. इतकी वर्षं तो ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसला, तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पण ज्याचं खातो त्याच्याकडे बघायची त्याला सवयच नव्हती.

मखमलाबादच्या शिवारात जेजुरकरांचा फुलांचा मळा आहे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. सुवर्णा त्या मळ्यातूनच इंजिनिअर झाली आणि अंबडच्या एका कंपनीत लागली. ही कंपनी शाळांसाठी भिंतीएवढे काचेचे फळे बनवायची. खडू नको, डस्टर नको, बोटानं लिहायचं. फळे दिसायला झकास, पण त्यांचं एक दुखणं होतं. बोट पुढे जायचं आणि रेघ मागून यायची. हातातल्या मोबाइलवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या फळ्यावर मास्तर झरझर लिहायला लागले की रेघ धापा टाकत मागे राहते आणि मागच्या बाकावरची पोरं हसतात.

यावर उपाय सुवर्णानं शोधला. बोट आत्ता आहे तिथे रेघ काढायचीच नाही. पापणी लवायच्या आत ते जिथे जाणार आहे, तिथे काढायची. म्हणजे बोटाचा कल आधी ओळखायचा. अंदाज बरोबर आला तर रेघ बोटाला चिकटून चालते. चुकला तर रेघ भलतीकडे फुटते, आणि बोट खरं कुठे गेलं ते कळल्यावर मुकाट आत येते. एवढंच. पण हा अंदाज यायला फळ्यानं आधी माणसांची पुष्कळ बोटं पाहिलेली लागतात.

म्हणून सुवर्णानं एक फळा फुलांच्या क्रेटसोबत टेम्पोत चढवला आणि गणेशवाडीच्या फुलबाजारात नेऊन उभा केला. मग शाळांत नेला, बँकेच्या रांगेपाशी नेला, एकदा लग्नाच्या मांडवातही नेला. जो भेटेल त्याला म्हणायचं, लिहा काहीतरी. आणि जो तो आधी एकच गोष्ट लिहायचा. फुलवाल्या बायका असोत, हमाल असोत, कॉलेजची पोरं असोत, प्रत्येकानं पहिल्यांदा श्रीकार काढला. नवी वही, नवं पेन, कोरी काच, काहीही पुढ्यात ठेवा, आपल्या माणसाचं बोट पहिल्यांदा श्रीच काढतं. देव न मानणाऱ्या एका मास्तरांनीही काढला आणि मग स्वतःशीच ओशाळले.

सुवर्णाला यात धोका दिसला. एवढे श्री पाहिलेला फळा पुढे सगळीकडे श्रीच शोधणार. म्हणून ती प्रत्येकाची पहिली ओळ काढून टाकायची आणि पुढचंच लिखाण फळ्याला शिकवायची. हे तिनं कुणाला मुद्दाम सांगितलं नाही. तांदूळ निवडताना खडे काढले हे काय कुणी सांगत बसतं?

फळा शिकला. रेघ बोटाला चिकटून चालू लागली. कंपनीच्या मोठ्या साहेबांपुढे ते दाखवायचा दिवस आला, आणि उभा राहिला ललित. सगळं त्यानंच सांगितलं, मी असा विचार केला, मला असं सुचलं. पडद्यावर त्याचं नाव होतं आणि त्याच्या खाली कोरी जागा होती. सुवर्णा उठून म्हणाली, “हे काम माझं आहे.” ललित अजिबात गडबडला नाही. उलट प्रेमानं हसला.

“सुवर्णानं धावपळ खूप केली हं, सर,” तो म्हणाला. “बाजारात जाऊन लोकांची बोटं गोळा करून आणली.”

सगळे हसले. साहेबही हसले. त्या दिवसापासून ऑफिसात तिचं नाव पडलं, बोटंवाली. तिनं राजीनामा दिला आणि घरी येऊन आईसोबत शेवंती तोडायला लागली. भांडली नाही, रडली नाही. ठमाबाईंना वाटलं, पोरीनं मनावर घेतलं नाही. आईचा एवढा मोठा गैरसमज क्वचित झाला असेल. सुवर्णाला ललितचं काही नको होतं, पगार नको, खुर्ची नको. तिला एवढंच हवं होतं की तो ज्या तोंडानं हसला, त्याच तोंडानं त्यानं तिचं नाव घ्यावं. तेही साहेबांना ऐकू जाईल असं, मान खाली घालून.

दिवाळीच्या आधी आरोही मळ्यावर फुलं न्यायला आली. ती ऑफिसात सुवर्णाच्या हाताखाली तयार झालेली. फुलं घेता घेता सहज बोलून गेली.

“ताई, ललित सरांनी तुमचे मूळ नमुने फळ्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवले. म्हणाले, तुम्ही आळस केला. प्रत्येकाची पहिली ओळच टाकून दिली होतीत. ती सगळी परत घातली त्यांनी.”

सुवर्णाचा हात शेवंतीच्या देठावर थांबला. “मग? कसा चालतोय फळा?”

“श्री तर असा लिहितो की बोटाला लोणी लावल्यासारखं वाटतं. बाकी लिहिताना जरा थरथरतो. सर म्हणतात सरावानं जाईल. वापरता वापरता शिकतोच ना तो.”

“शिकतो की,” सुवर्णा म्हणाली, आणि आरोहीच्या पिशवीत मूठभर फुलं जास्तीची टाकली. तिला इतका आनंद झाला होता की तो कुठेतरी खर्च करायलाच हवा होता.

थोड्याच दिवसांत ललितचा फोन आला. धुळ्याकडची एक मोठी शिक्षणसंस्था आपल्या सगळ्या शाळांसाठी फळे घ्यायच्या विचारात होती. गंगापूर रोडच्या सभागृहात फळा दाखवायचा कार्यक्रम ठरला होता. आवाज गोड होता, पण त्याखाली घाम होता.

“अगं, थोडी थरथर येतेय. तुला काही सुचतंय का?”

आता इथे एखाद्या भल्या माणसानं खरं सांगितलं असतं. एका वाक्याचं काम होतं. सुवर्णा भली आहे, पण त्या दिवशी नव्हती.

“सराव कमी पडतोय रे,” ती म्हणाली. “ऑफिसातल्या सगळ्यांना रोज आल्या आल्या फळ्यावर श्री लिहायला सांग. शुभही होईल, फळ्याला बोटांची सवयही होईल.”

“वा! हे लक्षातच आलं नाही. आणि कार्यक्रमाला ये हं. थोडंफार तुझंही आहे ते.”

थोडंफार. सुवर्णानं फोन ठेवला आणि तो शब्द दिवसभर जिभेवर घोळवला.

कार्यक्रमाच्या सकाळी तिनं स्वतः हार ओवला. पांढरी शेवंती, मध्ये गुलाब, मनगटाएवढा जाड. ठमाबाई बघत राहिल्या. “कोणासाठी गं एवढा?”

“एक हुशार माणूस हाय, आई. त्याचा सत्कार हाय आज.”

“लय मोठा माणूस दिसतोय.”

“होईल आज,” सुवर्णा म्हणाली.

सभागृहात तिनं तो हार आपल्या हातानं ललितच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ललितचे डोळे पाणावले, म्हणे मोठ्या मनाची आहेस. ती दुसऱ्या रांगेत जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घेऊन नीट सावरून बसली, सिनेमा सुरू होण्याआधी बसतात तशी.

संस्थेच्या सचिव लंकाबाई पवार, जन्मभर शिकवलेल्या बाई, फळ्यापाशी गेल्या. त्यांनी पदर खोचला आणि बोटानं श्री काढला. रेघ अशी चालली की जणू बोटातूनच शाई येत होती. टाळ्या पडल्या. ललित हारासकट फुलला.

मग बाईंनी त्याखाली लिहायला घेतलं, आमची शाळा. हात वर्गातला, झरझर चालणारा. दांडी खाली उतरू लागली की रेघ मध्येच डावीकडे फुटायची, श्रीमध्ये फुटते तशी, आणि चूक कळल्यावर आत यायची. मग पुढची दांडी, पुन्हा तेच. अक्षरं हुडहुडी भरल्यासारखी दिसत होती. मागून कुणीतरी हसलं.

“मॅडम, जरा सावकाश लिहा,” ललित म्हणाला.

“पोरं सावकाश लिहितील का?” बाई म्हणाल्या.

ललितनं घाईघाईनं पुढे होऊन स्वतः श्री काढला. सुरेख आला. त्यानं पुन्हा काढला, पुन्हा सुरेख.

“श्री झाला,” लंकाबाई म्हणाल्या. “आता तुमचं नाव लिहा बघू.”

ललितनं स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्या नावात दांड्यांना तोटा नाही. प्रत्येक दांडीला फाटा फुटला आणि विझला, फुटला आणि विझला. त्यानं ते पुसून पुन्हा लिहिलं, जोरात, तर फाटे आणखी लांब आले. एवढ्या मोठ्या काचेवर, एवढ्या लोकांपुढे, त्याला स्वतःचं नाव धड लिहिता येईना. तो वळला आणि त्याची नजर दुसऱ्या रांगेत आली. सुवर्णानं पर्सवरचे हात उचलून त्याला सावकाश नमस्कार केला. त्या क्षणी तिला जे वाटलं ते आयुष्यात क्वचित कुणाला मिळतं, आणि तिनं ते शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं. लंकाबाई रुमालानं बोट पुसत म्हणाल्या, “दुरुस्त करा, मग एकदा बघू.”

दोन दिवसांनी ललित मळ्यावर आला. काखेत छोटी पाटी होती, फळ्याचीच लहान बहीण. सुवर्णा क्रेटवर बसून फुलं निवडत होती. ठमाबाई ओट्यावर होत्या.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“सांगायचं ना मग. मी एवढं विचारलं.”

“मी काय सांगणार? मी बोटं गोळा करणारी.”

त्यानं पाटी या काखेतून त्या काखेत घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाला की लंकाबाई अजून एकदाच बघणार आहेत, नाही जमलं तर साहेब त्याला ठेवणार नाहीत. सुवर्णानं रिकामा क्रेट पायानं त्याच्याकडे सरकवला.

“बस. पाटी काढ. माझं नाव लिही.”

“काय?”

“माझं नाव. आडनावासकट. तुझ्या बोटाच्या आधी रेघ पोचेपर्यंत लिहायचं. पाटी शिकते ना वापरता वापरता? शिकव तिला.”

ललितनं तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या ठमाबाईंकडे, आणि लिहायला लागला. सुवर्णा जेजुरकर. पुसायचं, पुन्हा लिहायचं. सुरुवातीला दांड्यांना तेच फाटे फुटत होते. ऊन डोक्यावर आलं. तो मान वर करी, ती मान न उचलताच म्हणे, लिही. बोट लाल झालं तेव्हा त्यानं बोट बदललं. ठमाबाई बराच वेळ बघत होत्या.

“हा का लिहून ऱ्हायला तुझं नाव?” त्यांनी विचारलं.

“विसरला होता, आई.”

ऊन कललं तेव्हा फाटे थांबले. त्याचं बोट पहिल्या अक्षराच्या दांडीवरून उतरायचं आणि खाली पोचायच्या आत रेघ उकाराचं वळण घेऊन मोकळी व्हायची. त्याच्या बोटाच्या आधी तिचं नाव तिथे पोचलेलं असायचं.

“आता तुझं लिही,” सुवर्णा म्हणाली.

त्यानं लिहायला घेतलं. पहिली दांडी उतरली आणि तिच्या पायथ्याशी रेघ उकारात वळली, थेट सुवर्णाच्या नावाकडे, मग त्याचं बोट बघून नाइलाजानं मागे आली. दुसऱ्या दांडीलाही तेच झालं. ललितनं बोट उचललं आणि पाटी मांडीवर पालथी घातली.

“आता सांग,” तो म्हणाला.

“आधी साहेबांना फोन लाव. स्पीकरवर.”

त्यानं लावला. मान खाली घालून, एकेक शब्द गिळत, त्यानं सांगितलं की ते काम सुवर्णा जेजुरकरचं आहे, कल्पनेपासून शेवटपर्यंत, आणि मी माझं म्हणून दाखवलं. पलीकडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला.

“प्रत्येकाची पहिली ओळ काढून टाक,” सुवर्णा म्हणाली. “आणि नव्यानं शिकव. बाकी सगळं बरोबर आहे, मी केलंय ते.”

ललित तिथेच बसून राहिला, पाटी मांडीवर धरून. एवढंच होतं हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. ठमाबाई उठल्या, पातेलं हातात घेतलं. त्या घरातून आजवर कुणी चहाशिवाय गेलं नव्हतं, वीजबिलाची वसुली करायला आलेला माणूससुद्धा नाही.

“चा ठेवू का गं पाव्हण्याला?” त्यांनी विचारलं.

सुवर्णानं ललितकडे पाहिलं, आणि मग पुढचं फूल उचललं.

“नको,” ती म्हणाली. “तो निघालाय.”